खेळ फुकट, पावती दगडात

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात एका भिंतीवर रंगवलेली एक जाहिरात सापडली आहे. मजकूर साधारण असा: सम्राटपुत्र नीरोचे कायमचे पुरोहित देकिमुस लुक्रेतियुस सात्रियुस वालेन्स यांच्याकडून ग्लॅडिएटरांच्या २० जोड्या आणि त्यांच्या चिरंजीवांकडून १० जोड्या पॉम्पेईत ८ ते १२ एप्रिलला लढतील, शिकारीचा खेळही रीतसर होईल, डोक्यावर कापडी छत असेल. आणि त्यातच रंगाऱ्याची सही: एमिलियुस केलेरने लिहिलं, एकट्याने, चांदण्यात.

रात्री रस्ता मोकळा असताना हा माणूस भिंतीपाशी उभा राहून अक्षरं काढत होता. आपलं नाव घालायची हौस त्याने भागवून घेतली, पण जाहिरात सुरू होते ती देणाऱ्याच्या नावाने, सगळ्या पदव्यांसकट. ३० जोड्या म्हणजे ६० माणसं जिवावर उदार होऊन उतरणार, त्यांच्यापैकी एकाचंही नाव तिथे नाही. गणपती-नवरात्रात चौकाचौकातले फ्लेक्स पाहिलेल्या मराठी माणसाला ही मांडणी समजावून सांगायला नको. फक्त ‘शुभेच्छुक’ लिहायचं राहिलं.

रोमन करमणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाम, रक्त आणि कोलोझियम येतं. सिनेमांनी ते चित्र पक्कं करून ठेवलंय. पण त्या काळच्या इमारती, भिंतीचित्रं आणि फरशीवरची मोझेक्स (रंगीत खड्यांची चित्रं) जरा निवांत बघितली की ध्यानात येतं, यातलं बरंचसं लढणाऱ्यासाठी केलेलंच नाही. ते केलंय पैसे घालणाऱ्यासाठी, आणि मग बघणाऱ्यासाठी. म्हणून कोण जिंकलं हे नंतर विचारावं. आधी विचारावं, हे कोणाच्या खर्चाने?

सुरुवातच तशी आहे. रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली नोंदलेली झुंज इ.स.पू. २६४ मध्ये झाली. ब्रुटस पेरा नावाचा खानदानी गृहस्थ वारला, त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. अशा झुंजींना लॅटिनमध्ये शब्द होता ‘मूनुस’. त्याचा अर्थ कर्तव्य, आणि देणगीसुद्धा. म्हणजे मूळ गोष्ट उत्तरकार्याची होती: गेलेल्या माणसाचं देणं फेडायचं. पण गर्दी जमवणारं कार्य राजकारण्यांच्या नजरेतून सुटत नाही. इ.स.पू. ६५ मध्ये जुलियस सीझरने वडिलांच्या स्मरणार्थ ३२० जोड्या उतरवल्या. वडील जाऊन तोवर २० वर्षं झाली होती. पितृप्रेम उशिरा दाटून आलं असं म्हणायचं, की सीझरला तेव्हा वर चढायची घाई होती असं म्हणायचं, ते आपलं आपण ठरवावं.

देवांच्या उत्सवातले खेळ वेगळे. त्यांना ‘लूदी’ म्हणत. त्यात नाटकं आणि रथांच्या शर्यती असत, सरकारी तिजोरीतून रक्कम मिळे, आणि वरची भर त्या वर्षीचा अधिकारी आपल्या खिशातून घाली. दिवस मोजायला बसलं तर ग्लॅडिएटर पार मागे पडतात. सन ३५४ चं एक रोमन पंचांग आपल्यापर्यंत पोचलं आहे. त्यात खेळांसाठी नेमलेल्या दिवसांत निम्म्याहून जास्त दिवस नाटकांचे आहेत, त्याखालोखाल शर्यतींचे, आणि ग्लॅडिएटरांच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम १० दिवस. रोमचा रोजचा नाद नाटक आणि घोडे हा होता. ग्लॅडिएटर म्हणजे खर्चिक जेवणावळ, कधीतरीची.

तरीही रोममध्ये दगडी नाट्यगृह उभं राहायला फार वेळ लागला. इ.स.पू. १५४ मध्ये एकाचं काम सुरू होतं, तेही सेनेटने पाडायला लावलं. लोक बसून बसून ऐदी होतील, हे सांगण्याचं कारण. कायमची जागा झाली की गर्दी कधीही जमेल आणि जो ती बांधेल त्याचं नाव कायमचं होईल, ही धास्ती न सांगण्याचं कारण असावं. त्यामुळे दरवर्षी लाकडी थिएटर उभारायचं आणि उत्सव संपला की मोडायचं, आपल्याकडे मांडव घालतात तसं. या मांडवांचीही चढाओढ लागली. स्कॉरस नावाच्या अधिकाऱ्याने इ.स.पू. ५८ मध्ये उभारलेल्या रंगमंचाला ३६० खांब होते, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. क्युरिओ नावाच्या पुढाऱ्याने त्याच्यावर ताण केली. वडिलांच्या उत्तरकार्यासाठी त्याने दोन लाकडी थिएटरं पाठीला पाठ लावून बांधली, प्रत्येक एका खुंट्यावर फिरणारं. सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं. मग दोन्ही अर्धगोल फिरवून समोरासमोर आणायचे की मधोमध गोल रिंगण तयार, त्यात ग्लॅडिएटर. फिरवताना काही लोक आपापल्या जागी बसूनच राहिले म्हणे. सारं जग जिंकणारे रोमन लोक दोन खुंट्यांवर लटकून स्वतःच्याच धोक्याला टाळ्या वाजवतायत, असा प्लिनीचा टोमणा आहे.

धोका खरा होता. सन २७ मध्ये रोमजवळच्या फिदेने गावात आतिलियुस नावाच्या एका माणसाने धंदा म्हणून लाकडी अ‍ॅम्फिथिएटर बांधलं. पाया पक्क्या जमिनीत नेला नाही, जोड नीट आवळले नाहीत. भरल्या खेळात ते कोसळलं. मेलेले आणि जायबंदी मिळून ५०,००० असा आकडा रोमन इतिहासकार टॅसिटस देतो. आकडा फुगवलेला असेलही, पण त्यानंतर सेनेटने काढलेला हुकूम फार बोलका आहे: चार लाख सेस्टर्सपेक्षा (हे रोमन नाणं) कमी मालमत्ता असलेल्याने ग्लॅडिएटरांचा खेळ द्यायचा नाही, आणि जमीन तपासल्याशिवाय अ‍ॅम्फिथिएटर बांधायचं नाही. पहिली अट ऐपतीची, दुसरी पायाची. क्रम बघा.

दगडाची अडवणूक पॉम्पे या रोमन सेनापतीने मोडली, इ.स.पू. ५५ मध्ये. त्याची युक्ती अशी की अर्धगोल बैठकींच्या माथ्यावर त्याने व्हीनस देवीचं देऊळ बांधलं. मग हे थिएटर कुठे आहे? ही तर देवळाच्या पायऱ्यांची रांग, त्यावर बसून कोणी नाटक बघितलं तर बघू दे की! (याच वास्तूला जोडलेल्या सभागृहात ११ वर्षांनी सीझरचा खून झाला.)

आता जरा बांधकामाकडे. ग्रीक थिएटर डोंगराच्या उतारावर असायचं. उतार कापून पायऱ्या करायच्या, समोर खोऱ्याचा किंवा समुद्राचा देखावा मोकळा. रोमनांकडे कमान होती आणि चुन्यात ज्वालामुखीची राख कालवून केलेलं काँक्रीट होतं. त्यामुळे त्यांना डोंगराची गरज उरली नाही. कमानींवर कमानी रचून त्यांनी उतार स्वतःच तयार केला, तोही सपाट गावात, अगदी बाजाराशेजारी. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रोमनांनी रंगमंचामागे बैठकींच्या उंचीची भिंत घातली आणि देखावा बंद केला. फ्रान्समधल्या ओरांज गावात अशी भिंत आजही उभी आहे, १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. बाहेरचं जग संपलं. आत उरले ते प्रेक्षक, नट, आणि त्या भिंतीच्या मधल्या कोनाड्यात उंचावर उभा सम्राटाचा पुतळा. आपण नाटक बघतोय आणि सम्राट आपल्याला बघतोय.

अशी दोन थिएटरं तोंडाला तोंड लावून जोडली की झालं अ‍ॅम्फिथिएटर. नावच ते सांगतं: ‘अ‍ॅम्फी’ म्हणजे दोन्हीकडून. दगडातलं सगळ्यात जुनं शिल्लक अ‍ॅम्फिथिएटर पॉम्पेईतच आहे, साधारण इ.स.पू. ७० चं, सुमारे २०,००० माणसांचं. गंमत म्हणजे ते बांधलं तेव्हा हा शब्द रुळलेला नव्हता. तिथल्या शिलालेखात ‘स्पेक्टाक्युला’ म्हटलंय, म्हणजे नुसत्या ‘बघायच्या जागा’. क्विन्क्तियुस वाल्गुस आणि मार्कुस पोर्कियुस या दोघा अधिकाऱ्यांनी त्या स्वखर्चाने बांधून नागरिकांना कायमच्या दिल्या, असंही त्यात कोरलेलं आहे. पावती फाडली! बांधायची रीतही साधी: मध्ये जमीन खणायची, निघालेली माती भोवती रचायची. खेळणारा खाली, बघणारा वर.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्यांना हा आकार ओळखीचा वाटेल, आणि ते उगाच नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले तेव्हा त्यांनी रोममध्ये कोलोझियम पाहिलं. त्यावरून मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली असं सांगतात, आणि १९१२ मध्ये ते बांधून झालं. सगळ्यात मागे बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसावी हा त्या खोलगट आकाराचा सगळा हिशेब. शेजारीच महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. पॉम्पेईतही दोन्ही होतं, फक्त गावाच्या वेगवेगळ्या टोकांना. मातीचंही साम्य आहे. आपला आखाडा तांबड्या मातीचा, त्यांचा वाळूचा. लॅटिनमध्ये वाळू म्हणजे ‘हारेना’, आणि त्यावरूनच ‘अरीना’ आला. रक्त शोषून घ्यायला वाळू बरी पडे.

कोलोझियम हे सगळं पुढच्या पायरीवर नेतं. नीरोने रोमच्या ऐन मध्यात स्वतःसाठी राजवाडा आणि त्यात कृत्रिम तळं केलं होतं. तो मेल्यावर गादीवर आलेल्या व्हेस्पेसियनने बरोबर त्या तळ्याच्या जागी लोकांसाठी अ‍ॅम्फिथिएटर काढलं. एकट्याने बळकावलेली जागा सगळ्यांना परत केली, हा संदेश न वाचताच कळण्यासारखा होता. पैसा युद्धातल्या लुटीचा. सन ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने उद्घाटन केलं, खेळ १०० दिवस चालले. इमारत सुमारे १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद. तळमजल्यावर ८० कमानी, त्यातल्या ७६ वर रोमन आकडे कोरलेले. प्रेक्षकाने आपल्या खुणेवरचा आकडा बघायचा आणि त्या कमानीतून आत शिरायचं. २३ ते ५४ हे आकडे आजही जागेवर दिसतात. आतल्या बैठकींकडे उघडणाऱ्या वाटांना ‘व्होमितोरिया’ म्हणत. रोमन लोक जेवता जेवता उलटी करायला जायचे ती खोली म्हणजे हीच, असं जे ऐकायला मिळतं ते चूक आहे. ओकायची ती इमारत, माणसं ओकायची.

आत शिरल्यावर मात्र कुठेही बसता येत नसे. सम्राट ऑगस्टसने खेळातल्या बसण्याचे कडक नियम घालून दिले होते. वाळूलगत पुढे सेनेटर, त्यामागे घोडेस्वार वर्गातले श्रीमंत, मग टोगा घातलेले सामान्य नागरिक, त्यांच्यावर गरीब, आणि बायकांना जवळजवळ आभाळालगतच्या रांगा. वेस्टा देवीच्या कुमारी पुजारणींना तेवढी पुढची मानाची जागा. गावजेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसतो यावरून गावाची सगळी उतरंड कळते, तसंच हे. फरक इतकाच की इथे पंगत लंबगोल आणि ५०,००० पानांची, त्यामुळे प्रत्येकाला समोरच्या बाजूला आपल्यापेक्षा वरचा आणि खालचा कोण हे दिवसभर दिसत राही.

वाळूच्या लाकडी फरशीखाली दुमजली भुयारं होती. पिंजरे, उतार, दोर गुंडाळायचे उभे रहाट, आणि माणसांनी रहाट फिरवून वर ओढायचे पाळणे. फळी उघडायची आणि रिकाम्या वाळूतून एकदम बिबट्या वर यायचा. वरचं छत ओढायला आरमाराचे खलाशी ठेवलेले, कारण शिडं आणि दोरखंड त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्या भुयारात अंधारात, प्राण्यांच्या घाणीत रहाट ढकलणाऱ्यांचं एकही चित्र कोणी काढून घेतलेलं मला तरी माहीत नाही. त्यासाठी पैसे कोण देणार होतं?

बघणाऱ्यांचं चित्र मात्र आहे, आणि फार चांगलं आहे. सन ५९ मध्ये पॉम्पेईत खेळ चालू असताना यजमान आणि शेजारच्या नुकेरिया गावचे पाहुणे यांच्यात टोमणेबाजी झाली. टोमण्यावरून दगडांवर आणि दगडांवरून तलवारींवर प्रकरण गेलं, नुकेरियाचे बरेच लोक मारले गेले. प्रकरण रोमपर्यंत पोचलं आणि पॉम्पेईवर १० वर्षं असे खेळ भरवायची बंदी आली. हा दंगा कोणीतरी आपल्या घराच्या भिंतीवर हौसेने रंगवून घेतला! ते चित्र आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. चित्रकाराने अ‍ॅम्फिथिएटर समोरून दाखवलंय, दुहेरी जिन्यासकट, आणि त्याच वेळी आतली वाळू वरून वाकून पाहिल्यासारखी उघडी ठेवलीय. आपल्या लघुचित्रांत वाड्याचं दार आणि आतला चौक एकदम दिसतात, तसं. वर कापडी छत फुगलंय, बाहेर झाडांखाली विक्रेत्यांची दुकानं मांडलेली, आणि आतबाहेर इवली इवली माणसं एकमेकांच्या मागे धावतायत. त्यात ग्लॅडिएटर एकही नाही. मारामारी बैठकींतून उतरून आलेल्यांची.

मग लढणारा दिसतो कुठे? माद्रिदच्या संग्रहालयात रोमहून आलेलं एक मोझेक आहे. ते खालून वर वाचायचं. खालच्या पट्ट्यात कालेन्दिओ या जाळेवाल्याने आपलं जाळं आस्तियानाक्स याच्यावर टाकलंय. आस्तियानाक्स ढालीसकट त्यात पुरता गुरफटलाय. इथेच थांबलं तर वाटेल, संपलं. पण आस्तियानाक्सचं शिरस्त्राण मुद्दाम गुळगुळीत असतं, डोळ्यांपुरती भोकं, जाळं अडकावं असं काही त्यावर नसतं. वरच्या पट्ट्यात डाव उलटलाय. कालेन्दिओ जखमी होऊन वाळूत पडलाय आणि हातातली कट्यार वर धरून हार मानतोय. बाजूला पांढऱ्या अंगरख्यातले पंच. वर अक्षरं: ‘आस्तियानाक्स जिंकला’. कालेन्दिओच्या नावापुढे फक्त एक वर्तुळ, त्यावर आडवी रेघ. ही खूण मेलेल्यासाठी. ‘मृत्यू’ या ग्रीक शब्दाचं ते आद्याक्षर मानतात.

पंच असतात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण प्रत्येक झुंजीत एक मेलाच पाहिजे असा नियम नव्हता. पॉम्पेईच्या एका थडग्यावर कोणीतरी ओरखडलेल्या चित्रांत मार्कुस आत्तिलियुस नावाचा नवखा दिसतो. पहिल्याच लढतीत त्याने १४ लढती खेळलेल्या हिलारुसला हरवलं, पुढे १२ पैकी १२ जिंकलेल्या फेलिक्सलाही. दोन्ही हरलेल्यांच्या नावापुढे ‘सोडला’ अशी खूण आहे. तुर्कस्तानातल्या हॅलिकार्नासस इथून मिळालेल्या एका शिल्पपटात दोन बायका लढताना दिसतात, अमेझॉन आणि अखिलिया. त्यांचीही सुटका झाली असं वर कोरलंय. दयेचं कारण फार भाबडं नाही. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस एक उदाहरण देतो: खेळ देणाऱ्याने घेतलेला ग्लॅडिएटर मालकाकडे धडधाकट परत आला तर मालकाला माणशी २० दिनार, मेला किंवा निकामी झाला तर १,०००. प्रश्न असा की हा करार भाड्याचा म्हणायचा की विक्रीचा? उत्तर: आधी सांगता येत नाही, परत कसा येतो त्यावर ठरेल. म्हणजे गर्दीने ‘मार, मार’ ओरडावं आणि खेळ देणाऱ्याने मनातल्या मनात ५० पटींचा पाढा म्हणावा. तेव्हा अंगठा वर की खाली, हे वाद घालण्यासारखं आहे. अंगठ्याने इशारा करत हे नक्की, पण खाली म्हणजे मरण ही आपली पक्की समजूत मुख्यतः १८७२ च्या एका फ्रेंच चित्रातून आली आहे.

आता शेवटची पावती, आणि ही सगळ्यांत सविस्तर आहे. ट्युनिशियातल्या स्मिरात गावी तिसऱ्या शतकातल्या एका घराची मोझेकची फरशी सापडली, ती आता सूसच्या संग्रहालयात आहे. घराच्या मालकाचं नाव मागेरियुस. त्याने गावाला बिबट्यांच्या शिकारीचा खेळ दिला होता, तेलेगेनी नावाच्या शिकाऱ्यांच्या मंडळाला बोलावून. फरशीच्या मधोमध एक पोरगा तबक घेऊन उभा आहे. तबकात चार पिशव्या, प्रत्येकीवर आडव्या आठासारखी खूण, म्हणजे १,०००. त्याच्या एका बाजूला दवंडीवाल्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय: महाराज, तेलेगेनींना प्रत्येक बिबट्यामागे ५०० दिनार द्या. मागितले ५००, पिशवीत १,०००. दुसऱ्या बाजूला गर्दीच्या आरोळ्या: असा खेळ कधी झाला? कुठे झाला? पुढच्यांनी तुझ्याकडून शिकावं, मागच्यांच्या कानावर जावं! मागेरियुस पैसे देतोय! याला म्हणतात श्रीमंती, याला म्हणतात ताकद! रात्र झाली, आता त्यांना पिशव्या देऊन मोकळं कर!

आणि मागेरियुसचं नाव दोनदा.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा या फरशीवरून चालत जाणार, वाचत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. चारही शिकाऱ्यांची नावं त्याने घालून घेतली: स्पित्तारा, बुल्लारियुस, हिलारिनुस, मामेर्तिनुस. स्पित्तारा तर चक्क पायाला काठ्या बांधून लढतोय. मरणाऱ्या चार बिबट्यांचीही नावं आहेत. व्हिक्टर, क्रिस्पिनुस, लुक्सुरियुस, आणि चौथ्याचं नाव रोमानुस, म्हणजे ‘रोमन’.